एकुलीचे गुरुजी



आजच्या मंगल प्रसंगीं मुलांच्या शिक्षणाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. पहिल्या बांकावरील मुलांचें कौतुक सारेच करितात. म्हणून आज आम्ही शेवटच्या बांकावरील मुलाविषयीं बोलूं इच्छितों. त्याकरितां एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. त्याचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या गुरूचें नांव मात्र थोड्यांच्याच कानीं आलें असेल.

फ्रान्स देशांत लियों शहराजवळ दार्दिली नांवाचें गांव आहे. तेथें ८ मे १७८६ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं संत जॉन मरी व्हियानी जन्मले. ते तीन वर्षांचे असतां राज्यक्रांति झाली, आणि पुढें देवळें बंद पडून धर्मगुरूंस लपून राहावें लागलें. त्यांचें बालपण मेंढरें राखण्यांत आणि शेतांत राबण्यांत गेलें. शाळा घडली ती थोडकीच. धर्मगुरु व्हावें ही ओढ मनांत होती, परंतु शेतावरचे हात कमी होतील म्हणून वडील राजी नव्हते. अखेर संमति मिळाली आणि शेजारच्या एकुली गांवीं फादर शार्ल बाले ह्यांजपाशीं अभ्यास सुरू झाला. तेव्हां विद्यार्थ्याचें वय वीस वर्षांचें होतें.

लॅटिन व्याकरण कांहीं केल्या डोक्यांत शिरेना. सोबतचीं मुलें वयानें पुष्कळ लहान. त्यांपैकीं माथियास लोरास नांवाचा हुशार मुलगा समजावून सांगतां सांगतां इतका चिडला कीं, त्यानें सर्वांदेखत व्हियानींस चपराक मारिली. व्हियानींनीं गुडघे टेकून उलट त्याचीच क्षमा मागितली, असें चरित्रकार सांगतात. तथापि मन खचलें आणि घरीं परत जावें असें वाटूं लागलें. फादर बाले ह्यांनीं त्यांस ध्येयाची आठवण देऊन थांबविलें. संत फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या ला लुवेस्क येथील समाधीपर्यंत पायीं यात्रा करून ते परतले आणि पुन्हां पुस्तक उघडून बसले.

१८०९ सालीं सैन्यभरतीच्या हुकुमामुळें अभ्यास खंडित झाला. १८१३ सालीं ते लियोंच्या सेमिनरींत गेले. परंतु तेथील शिकवण लॅटिनमध्यें, ती त्यांस उमगेना. कांहीं महिन्यांतच त्यांस निरोप मिळाला. येथें दुसरा कोणी शिक्षक म्हणाला असता, "आम्हीं आमचें केलें, पुढें त्याचें नशीब!" फादर बाले ह्यांनीं त्यांस पुन्हां आपल्या घरीं आणिलें आणि तोच विषय मातृभाषेंत, फ्रेंचमध्यें, शिकविण्यास आरंभ केला. परीक्षकांपुढें उभे राहतांच विद्यार्थी गोंधळला, तेव्हां गुरु स्वतः परीक्षकांकडे गेले व त्याची पुन्हां चौकशी करावी अशी विनंति केली. फ्रेंचमध्यें प्रश्न विचारतांच उत्तरें समाधानकारक आलीं. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोबल येथें व्हियानींस गुरुदीक्षा मिळाली.

आतां आमचीच एक गोष्ट कबूल करितों. आमच्या हाताखालीं एक मुलगा होता. गणितांत तो वारंवार नापास होई. एके दिवशीं त्याच्या बापास बोलावून आम्हीं सांगितलें, "ह्यास शेतावर घाला, शाळेंत वेळ फुकट जातो." बापानें तसें केलें. शेताचें काम हलकें नव्हे. परंतु जातांना त्या मुलानें आपली पाटी पुसून आमच्या टेबलावर ठेविली, ती आजहि आमच्या डोळ्यांपुढें आहे. त्यास दुसऱ्या रीतीनें शिकवून पाहावें, हें आम्हांस सुचलेंच नाहीं. चूक मुलाची नव्हती. आमचा धीर लवकर संपला.

फादर बाले ह्यांनीं शिष्यास खोटी शाबासकी दिली नाहीं. लॅटिन कच्चें तें कच्चेंच, हें ते जाणून होते. पण भाषेचा अडसर वेगळा आणि बुद्धि वेगळी, हें त्यांनीं ओळखिलें. आईबापांनो, गुरुजनहो, मूल कोठें अडतें हें शोधल्यावांचून त्यास मठ्ठ म्हणूं नका. घरीं निजण्यापूर्वीं त्याच्यापाशीं घटकाभर बसा. तुम्हांस वाचतां येत नसेल तरी त्याचें वाचन ऐका. ऐकणारा कोणी आहे एवढ्यानेंहि मुलास बळ येतें.

पुढील कथा आपणांस माहीत आहे. १८१८ सालीं व्हियानी आर्स ह्या लहानशा गांवीं गेले. १८२४ सालीं त्यांनीं तेथें मुलींकरितां मोफत शाळा काढिली. दूरदूरचे लोक त्यांजपाशीं पापनिवेदनास येत, आणि ते दिवसाचे बहुतेक तास त्या कामीं बसत. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९२५ सालीं त्यांस संतपद मिळालें.

परंतु आमचें मन रमतें तें एकुलीच्या एका लहान प्रसंगावर. दीक्षेनंतर व्हियानी आपल्या गुरूंचेच साहाय्यक झाले. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांस मिळाला, तेव्हां पहिलें पापनिवेदन करण्यास त्यांच्यापुढें गुडघे टेकून कोण बसलें? स्वतः फादर बाले! १८१७ सालीं, डिसेंबर महिन्यांत, त्या गुरूंनीं देह ठेविला.

आपल्या शेवटच्या बांकावर आज कोण बसलें आहे, हें प्रभूस ठाऊक. आपणांस तें ठाऊक नाहीं. म्हणूनच त्यास उठवून घरीं पाठविण्याची घाई आपण करूं नये, एवढीच आमची विनंति.