एक जागा धरा



याच मैदानावर मी लेझीम खेळले, समूहगीतात उभी राहिले. आज त्याच शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं, हा मान मोठा आहे. बक्षीस मिळालेल्या सर्वांचं मनापासून कौतुक.

मुख्याध्यापिका बाईंनी पत्रात विषय दिला होता, ‘पूर, हवामान आणि त्या क्षेत्रातल्या संधी’. त्यावर बोलणार आहे. पण सकाळी फाटकातून आत आले, विहिरीजवळचा चाफा दिसला, आणि भलतंच सगळं आठवायला लागलं. जून-जुलैतला दप्तरांचा ओला वास, वर्गाबाहेर उघड्या वाळत ठेवलेल्या छत्र्या. पत्र्यावर पावसाचा असा मारा सुरू व्हायचा की बाई बोलणं थांबवायच्या आणि फळ्यावर लिहून शिकवायच्या.

विहिरीमागच्या मोकळ्या जागेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला एकाने जायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा वाचायचा आणि फळ्यावर सुविचाराखाली लिहायचा. रविवारी शाळा बंद असली तरी ज्याची पाळी तो यायचाच. कोकणात पाऊस पडतो हे सगळ्यांना माहीत होतं. काल किती पडला हे आमच्या वर्गाला माहीत असायचं.

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, मी पुढे अभियांत्रिकी केली, पाण्याचा अभ्यास केला, लग्नानंतर काही वर्षांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेले, आणि आज तिथे पुराचा अंदाज बांधायचं काम करते. त्या सगळ्याचं मूळ तुमच्या मोजपात्रात आहे. हे तुमच्यासमोर, सगळ्या गावासमोर सांगता यावं, म्हणून मी आले.

आता विषय. नदीच्या पाणलोटात कुठे किती पाऊस झाला, जमीन आधीच किती भिजली आहे, धरणात किती जागा शिल्लक आहे आणि भरती कधी आहे, हे सगळं एकत्र मांडून पाणी केव्हा कुठवर चढेल ते सांगायचं, हे आमचं काम. २२ जुलै २०२१ ला आपल्या चिपळूणने काय सोसलं ते मी तुम्हाला सांगायला नको. ब्रिस्बेननेही १९७४, २०११ आणि २०२२ चे पूर पाहिले. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर तिथे तीन दिवसांत सहाशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. कोकणातल्या माणसाला यात विशेष वाटणार नाही, पण त्या शहरात वर्षाचा पाऊसच साधारण हजार मिलिमीटर. अशा वेळी आमच्या हाताशी असतात त्या जुन्या नोंदी. एकाच ठिकाणच्या, वर्षानुवर्षांच्या, खंड न पडलेल्या. ज्यांना या क्षेत्रात यायचं आहे त्यांनी गणित आणि भूगोल पक्का करा. बाकीचं कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, सविस्तर सांगते.

कारण आज मला तुमच्याकडून एक गोष्ट मागायची आहे. एक जागा धरा. घराजवळचा पऱ्ह्या, देवळामागचं तळं, परसातलं आंब्याचं झाड, खाडीवरचा धक्का, कुठलीही. आठवड्यातून एकदा तिथे जा. वर्षभर तिथेच जा. बसा, पाहा, आणि वहीत तारीख घालून लिहा.

हे मी ब्रिस्बेनमध्ये मुलं वाढवताना शिकले. आम्ही गेलो तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती, मुलगा लहान होता. सुट्ट्यांत गाडी काढून हिंडलो. लोन पाइन हे १९२७ पासूनचं कोआला अभयारण्य आहे, तिथे निलगिरीच्या फांदीच्या बेचक्यात झोपलेले कोआला पाहिले. मिंजेरिबा बेटावर पॉइंट लुकआउटच्या कड्यावर उभं राहून हिवाळ्यात दक्षिणेकडून येणारे हंपबॅक देवमासे पाहिले. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण मुलांना तो मुलूख आपला वाटायला लागला तो घरापासून जवळच्या एका माळावर.

रॉक्लीच्या भाजीबाजाराला लागून ऑक्सली क्रीक कॉमन नावाचा गवताळ माळ आहे, कडेने ओढा वाहतो. रविवारी सकाळी डब्यात पोहे आणि थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही तिथे जायचो. सुरुवातीला मुलं कंटाळायची. ‘इथे काहीच नाही, आई.’ पण आम्ही जात राहिलो. मग एका रविवारी मुलीने हाताने खुणावलं. पायवाटेच्या कडेला रेताड मातीत एक लहानसं भोक होतं, आणि त्यातून एक पक्षी बाहेर पडला. हिरवा, निळा, गळ्याशी पिवळा. आपल्या तारांवर बसणाऱ्या वेड्या राघूचा तो तिकडचा भाऊबंद. जमिनीत लांब बोगदा खणून त्यात अंडी घालतो. त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही लांबून ते भोक पाहत होतो. चोचीत माशी आणि चतुर घेऊन आईबाप यायचे, आत शिरायचे, रिकाम्या चोचीने निघून जायचे. मग एका आठवड्यात भोक सुनं झालं, आणि तारेवर नवी पिल्लं ओळीने बसलेली दिसली. मुलाने वहीत तारीख लिहिली. पुढच्या वर्षी त्या सुमाराला त्याला ओढून न्यावं लागलं नाही. त्यानेच आम्हाला उठवलं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तो ऑक्टोबर होता. तिथला तो वसंत. पहाटे अंधारात त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, हा तर कोकीळ!’ कोकीळच होता. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला न्यू गिनीच्या बाजूने येतो. तसाच काळा, तसाच लाल डोळ्यांचा, आणि अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालायची रीतही तीच. फक्त इथे तो कावळ्याला गाठतो, तिथे दुसऱ्या पक्ष्यांना. आजी आणि नातवंडांनी मिळून मग तो कुठल्या झाडावर बसतो ते शोधून काढलं. परक्या देशात आजीला हक्काचं असं पहिलं काही मिळालं ते त्या झाडावर.

आमच्या कुंपणालगत ब्रश टर्की नावाचा पक्षी येतो. कोंबड्याहून मोठा, काळा, डोकं उघडं लाल, गळ्याशी पिवळी झालर. यातला नर पायांनी पालापाचोळा ओढून त्याचा ढीग रचतो, माणसाच्या कमरेपेक्षा उंच. मादी त्यात अंडी पुरते. पाला कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर अंडी उबतात. नर रोज ढिगात चोच खुपसून ऊब तपासतो. जास्त झाली तर पाला काढतो, कमी झाली तर आणखी घालतो. ऊब तेहतीस ते पस्तीस अंशांच्या आसपास राखतो. पिल्लू बाहेर येतं ते स्वतःच पाला उकरत, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं असतं. आमच्या बागेतला सगळा पाला त्याने पळवला, रोपं उपटली. पण तिथे या पक्ष्याला कायद्याने संरक्षण आहे. आम्ही रोपांभोवती जाळी लावली आणि मुलांबरोबर खिडकीत उभे राहिलो.

आणि मॅगपाय! काळापांढरा, सुरेल गाणारा. विणीच्या दिवसांत काही नर घरट्याजवळून जाणाऱ्यावर मागून झडप घालतात. सायकलवाले हेल्मेटला केबल टाय खोचून फिरतात, मुलांच्या शाळेत त्या रस्त्याची आधी सूचना देतात. पण हा पक्षी माणसांचे चेहरे ओळखतो. जो त्रास देत नाही त्याला लक्षात ठेवतो. मुलांनो, मी हे यासाठी सांगते आहे की तुम्ही एखाद्या जागेला धरून राहिलात तर तीही तुम्हाला ओळखायला लागते.

मात्र पाहणं म्हणजे अंगचटीला जाणं नव्हे. आपल्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडच्या उत्तर भागात डेनट्री नदीवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, काठावर इशाऱ्याचे फलक आहेत, आणि लहान मूलसुद्धा ते पाळतं. लांबून पाहा, शांत राहा, हात लावू नका.

एक जागा धरून बसल्याने काय होतं याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं उदाहरण सांगते. ब्रिस्बेनच्या उत्तरेला, बंडाबर्गजवळ, मॉन रेपो नावाचा समुद्रकिनारा आहे. कॉल लिम्पस या शास्त्रज्ञांनी तिथे १९६८ मध्ये लॉगरहेड कासवांच्या नोंदी सुरू केल्या. तेव्हापासून ते काम चालू आहे. आम्ही सगळे तिथे रात्री गेलो होतो. बॅटरी बंद, बोलणं बंद. रेंजर पुढे. भरतीच्या रेषेवर एक मादी वर येत होती, थांबत, धापा टाकत. जागा निवडल्यावर तिने मागच्या परांनी खळगा खणला. एका पराने वाळू अलगद उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसऱ्याने. पिंगपाँगच्या चेंडूएवढी शंभराच्या वर अंडी. जागा पाण्याच्या फार जवळ होती, म्हणून रेंजरनी ती अंडी लगेच वरच्या वाळूत हलवली. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. इथली पिल्लं प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या बाजूला पोहोचतात आणि मोठी होऊन परत येतात. आज हे सगळं ठामपणे सांगता येतं, कारण माणसं त्याच वाळूवर उन्हाळ्यामागून उन्हाळे रात्रीच्या रात्री जागली.

आणि हे पाहायला तुम्हाला ऑस्ट्रेलियाला यायची गरज नाही. आपल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पराला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर! हे कळलं, कारण त्या रात्री गुहागरच्या वाळूत कुणीतरी जागं होतं आणि त्याने बिल्ल्यावरचा आकडा वाचला. आत्ता डिसेंबर आहे. हंगाम सुरू होतो आहे.

पालकहो, तुमच्याशी दोन शब्द. मूल चिखलात वाकून बघायला लागलं की ‘सोड ते, घाण आहे’ असं म्हणू नका. क्लास, स्पर्धा, शिबिरं, सगळ्यांत मुलांची नावं घातलीत की एक ना धड भाराभर चिंध्या होतात. आठवड्यातली एक सकाळ मोकळी ठेवा आणि तुम्ही स्वतः बरोबर जा. आमच्या घरात मुलांशी सर्वांत जास्त बोलणं झालं ते त्या माळावर, कारण तिथे दुसरं काही करायचं नव्हतं. परदेशी गेलेल्या कुटुंबांत मुलं आणि आईबाप एकमेकांपासून दुरावतात असं म्हणतात. आम्हाला त्या माळाने एकत्र ठेवलं. गावात राहूनही हे अंतर पडतंच, हे तुम्हीही जाणता.

शिक्षकवर्गाला विनंती आहे. पर्जन्यमापक पुन्हा बसवूया. खर्च माझ्याकडे, पाळ्या लावायचं काम तुमच्याकडे.

आणि मुलांनो, तुमच्यातले काही पुण्याला जाल, काही मुंबईला, काही माझ्यासारखे समुद्रापलीकडे. कुठेही गेलात तरी पहिल्या महिन्यात एक जागा शोधा आणि ती सोडू नका. पण सुरुवात इथूनच करा. येत्या रविवारची जागा आज रात्रीच ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहा. पुढच्या स्नेहसंमेलनात त्या वह्यांचं प्रदर्शन भरवा. मी ते पाहायला स्वखर्चाने येईन.

पडद्यामागे कलाकार तयार आहेत.