सामाजिक भयगंड : औषध आणि मानसोपचार यांचे तारतम्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंदिर, धर्मशाळा व पाठशाळा यांच्या उभारणीचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु उत्तर येत असूनही पाठशाळेत उभे न राहणारे मूल, गिऱ्हाईक आले की गोदामात शिरणारा तरुण, मुलाखतीचे पत्र येऊनही नांदेडला न गेलेली पदवीधर कन्या, हीसुद्धा याच समाजाची लेकरे आहेत. समाज त्यांना 'शांत', 'सोज्वळ' म्हणून गौरवितो. त्यांतील काहींचा स्वभाव खरोखरच शांत असतो. काहींना मात्र बोलावयाचे असते आणि बोलता येत नाही. मौनव्रत स्वेच्छेने स्वीकारलेले असते. हे मौन लादलेले असते, आणि ते लादणारी शक्ती म्हणजे भय.

या विकारास मराठीत सामाजिक भयगंड म्हणतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान दिले. 'लोक आपणांस पाहत आहेत, आपले हसे होणार' या विचाराने छातीत धडधड, हातास कंप, घशास कोरड आणि मग तो प्रसंगच टाळणे, असे त्याचे स्वरूप असते. बहुधा तो कुमारवयातच सुरू होतो. ही अवस्था सहा महिने वा अधिक काळ टिकून शिक्षण, व्यवसाय किंवा नातेसंबंध अडू लागले, तर तिला केवळ लाजाळूपणा समजू नये. टाळल्याने क्षणभर सुटका होते. परंतु त्याच सुटकेमुळे भय पुढच्या वेळी अधिक बळावते. म्हणूनच 'मोठा झाला की सुधारेल' हा दिलासा पुष्कळदा फसवा ठरतो.

उपाय मुख्यतः दोन आहेत. पहिला मानसोपचार. त्यात भयामागील विचार तपासले जातात आणि टाळलेल्या प्रसंगांना लहान पायऱ्यांनी सामोरे जाण्याचा सराव होतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) तरुणपणी स्वतःच अतिशय बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील एका उद्यानात महिनाभर अपरिचित स्त्रियांशी स्वतःहून संभाषण सुरू करण्याचा नेम केला. काही उठून गेल्या, सुमारे १०० जणी बोलल्या आणि ज्या आपत्तीची त्यांना धास्ती होती ती एकदाही ओढवली नाही. त्यांची ही विचारपद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ठाण्याच्या 'आयपीएच' संस्थेनेही ही भाषा मराठी घरांत पोहोचविली.

दुसरा उपाय औषध. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्या मेंदूतील सिरोटोनिन या द्रव्याच्या कार्यावर परिणाम करतात. त्यांचा गुण यावयास साधारणतः चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आरंभी मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल होऊ शकतो. काहींना लैंगिक तक्रारीही जाणवतात. पंचविशीच्या आतील रुग्णाकडे पहिल्या काही आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण क्वचित आत्मघाताचे विचार वाढू शकतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, परंतु त्या एकाएकी बंद केल्यास चक्कर व अस्वस्थता येते. याउलट अल्प्राझोलामसारख्या तात्काळ शांतविणाऱ्या गोळ्यांची सवय जडते. त्या दुकानातून परस्पर आणून घेणे धोक्याचे आहे.

मग निवड कशी करावी? २०१४ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात १०१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यक्तिगत स्वरूपाचा विचार-वर्तन उपचार सर्वांत गुणकारी ठरला आणि औषधेही उपयुक्त आढळली. मानसोपचारात शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही हाताशी राहते. औषध थांबविल्यावर मात्र त्रास परतण्याची शक्यता अधिक असते. म्हणून शक्य तेथे आरंभ मानसोपचाराने करावा. परंतु भय इतके तीव्र असेल की उपचारकासमोरही बसवत नाही, सोबत नैराश्य असेल, किंवा प्रशिक्षित उपचारक लाभतच नसेल, तर औषध घेणे हा दुबळेपणा नव्हे. पुष्कळांना दोन्हींची जोड लागते. निर्णय मात्र मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि रुग्णाच्या संमतीने व्हावा.

श्रावक कुटुंबांच्या काही शंका रास्त आहेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. वरील दोन्ही औषधे गोळीच्या रूपात मिळतात. ती दिवसातून एकदा, सकाळीही घेता येतात, त्यामुळे चौविहारास बाध येत नाही. पर्युषणात उपवास करावयाचा असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे, परस्पर गोळी सोडू नये. सामायिक व ध्यान यांनी मन स्थिर होण्यास साह्य होते, परंतु दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहण्याचा सराव गल्ल्यावरच करावा लागतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव वा औंढ्याहून दर आठवड्यास मोठ्या शहरी जाणे अनेकांना परवडत नाही. त्यांच्यासाठी २०२२ पासून 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

तरीही मोठा अडसर घरातच असतो. 'सोयरीक मोडेल' या धास्तीने गोळ्या लपविल्या जातात आणि साखरपुडा ठरताच बंद केल्या जातात. त्याची किंमत ते मूल मोजते. मधुमेहाची गोळी ताटाशेजारी ठेवली जाते, तशी ही गोळीही ठेवता आली पाहिजे. पाठशाळेत आणि मंडळाच्या कार्यक्रमांत अशा मुलास एकदम व्यासपीठावर ढकलू नये, आणि कायमचे मागच्या रांगेतही बसू देऊ नये. आज पाच जणांसमोर एक ओळ, पुढच्या महिन्यात दहा जणांसमोर दोन ओळी, एवढी संधी समाजाने द्यावी. तो अडखळला तर कोणी हसू नये आणि त्याच्या वतीने वाक्य पूर्ण करण्याची घाईही करू नये.