सैनिकाची शिस्त आणि नागरिकाचा प्रश्न

(किहीम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)

या शिबिरात आपण शेतमजुरांची मजुरी, किनाऱ्यावरील जमिनींचे व्यवहार आणि मच्छीमारांचे प्रश्न यांचा विचार केला. त्या पंगतीत परदेशी मोहिमेवर निघण्यापूर्वी प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकाची दिनचर्या हा विषय काहींना उपरा वाटेल. सैन्य म्हणजे एकतर सेनाधिकाऱ्यांचा प्रांत किंवा सव्वीस जानेवारीच्या भाषणांचा विषय, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः कोकणातील कितीतरी खेड्यांत पलटण ही पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी आहे. मुंबईची गिरणी आणि बेळगावची पलटण, या दोन ठिकाणांहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर येथील चुली पेटत आल्या. गिरणीतल्या पाळीवर आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिले, बोलले गेले. सैनिकाच्या दिवसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्वजण ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती त्यांनी बंद पाडली आणि तेथेच ते गोळ्यांना बळी पडले. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुतळ्याला हार घालताना आपण त्या काही क्षणांपुढे नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या क्षणांच्या मागे कवायतीचे शेकडो दिवस असतात. पुतळा त्या दिवसांविषयी काही सांगत नाही.

तो दिवस कसा असतो? उजाडण्यापूर्वी बिगूल वाजतो. अंथरुणाची घडी, दाढी, बुटांना पॉलिश आणि मैदानावर हजेरी. मग पी.टी., धावणे, दोरावर चढणे. न्याहारीनंतर उस्तादाच्या हुकमाबरहुकूम कवायत. बंदूक उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची. डोळे मिटूनही जोडता आली पाहिजे. चांदमारी, संगिनीचा सराव, खंदक खणणे. दुपारी लंगरची रांग. पुन्हा मैदान, संध्याकाळी खेळ, पुन्हा हजेरी, आणि रात्री दिवे मालवण्याचा बिगूल. अधूनमधून पाठीवर बोजा घेऊन लांब पल्ल्याची पायपीट. समुद्रापार जायचे ठरले की यात आणखी कामांची भर पडते: लसी टोचून घेणे, वारसाचे नाव नोंदवणे, पगारातला किती हिस्सा घरी पाठवायचा ते लिहून देणे आणि कधीही न पाहिलेल्या भूमीवर लढण्याचा सराव करणे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलासाठी सैनिकांना तयार करण्याकरिता १९४३ साली छिंदवाड्याच्या रानात एक संपूर्ण डिव्हिजन प्रशिक्षणासाठी ठेवण्यात आली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाकाठी तर एक लटके जहाज उभारले होते. समुद्रकिनाऱ्यावर उतरून हल्ला कसा चढवायचा, हे देशावरच्या पोरांनी तलावाच्या गोड्या पाण्यात शिकावे, अशी ती योजना. आज त्या परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे.

या दिनचर्येने गरिबाच्या मुलाला बरेच दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पोटभर अन्न, पायात बूट, आजारात औषध, अक्षरओळख या गोष्टी गावाने त्याला दिल्या नव्हत्या. कोकणातल्या महार समाजाने सैन्यभरतीच्या हक्कासाठी जी झुंज दिली तिचे मर्म हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरती बंद झाली तेव्हा याच जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे दाद मागितली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. सध्याच्या महार रेजिमेंटसाठी १९४१ साल उजाडावे लागले.

पण ही दिनचर्या जे देते त्याची किंमतही वसूल करते. कवायतीचा हेतूच असा की हुकूम आणि कृती यांच्यामध्ये विचाराला जागा उरू नये. रणांगणावर ती सवय सैनिकाचा आणि त्याच्या साथीदाराचा जीव वाचवते, हे खरे. तथापि हीच सवय ‘मला कोठे आणि कशासाठी पाठवता?’ हा प्रश्नही त्याच्या मुखातून काढून घेते.

या किहीमच्या सुरूच्या बनापलीकडे जो समुद्र आहे, त्यातून १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सुटलेला जहाजांचा तांडा गेला. त्यात पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. कोठे जायचे याचे मोहोरबंद आदेश ब्रिगेडच्या सेनापतीनेसुद्धा समुद्रात गेल्यावरच उघडायचे होते. मग महिना ११ रुपयांच्या शिपायाला कोण विचारतो? ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरले. मागोमाग १०३ आणि ११० या मराठा पलटणी गेल्या. कूतच्या वेढ्यात अन्नाविना दिवस काढून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांची ती फौज शरण गेली. औषधपाण्याची आणि वाहतुकीची किती दुर्दशा होती, हे १९१७ साली ब्रिटिशांच्याच चौकशी आयोगाने नोंदवले. मैदानावरची कवायत बिनचूक होती. चूक ज्यांना कवायत करावी लागत नव्हती त्यांची होती. सैनिकाला फटक्यांची शिक्षा देण्याची पद्धतही हिंदी सैन्यात १९२० पर्यंत चालू होती.

१९३९ साली व्हाइसरॉयने हिंदुस्थानच्या एकाही प्रतिनिधीला न विचारता देश युद्धात ओढला. त्याचा निषेध करून समाजवादी तुरुंगात गेले. फॅसिझमचा पराभव व्हायलाच हवा होता. पण गुलामाच्या संमतीवाचून त्याच्या मुलांचे रक्त खर्ची घालण्याचा अधिकार कोणाला असू शकत नाही, ही आपली भूमिका होती. युद्ध संपल्यावर तिची सत्यता सिद्ध झाली. १९४५ च्या अखेरीस हिंदी फौजा इंडोनेशियात उतरवल्या गेल्या आणि सुरबायाच्या रस्त्यांवर मराठा पलटणींतील शेतकऱ्यांची मुले दुसऱ्या एका गुलाम देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांसमोर उभी ठाकली.

कवायतीने दाबलेला प्रश्न अखेर कोठे उसळला? तोही एका प्रशिक्षण केंद्रातच. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेतील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. आरंभ जेवणाच्या ताटापासून झाला. पण पुढे त्यांच्या मागण्यांत इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा, ही मागणी आली. दिनचर्येतली तक्रार आणि परराष्ट्र धोरण यांच्यातला धागा त्या खलाशांना पोथ्या न वाचता दिसला.

स्वतंत्र भारताने यातून काय घेतले? १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांची देखभाल करण्यासाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडचे जनरल शं. पां. पा. थोरात यांनी केले. तेथे मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळायचे होते. शिस्तीचा उपयोग माणसे वाचवण्यासाठीही होतो, याचा तो दाखला. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमधील अकोबो येथे आश्रयाला आलेल्या नागरिकांच्या रक्षणात दोन भारतीय सैनिकांनी प्राण दिले, तोही त्याच परंपरेतला.

दुसरा दाखला श्रीलंकेचा. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी शांतिसेना उतरू लागली. संसदेची पूर्वसंमती घेतली नव्हती. सीमेवरील युद्धासाठी घडवलेले जवान जाफन्याच्या गल्ल्यांत, भाषा ठाऊक नसलेल्या लोकांमध्ये लढू लागले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

तिसरा दाखला आपल्याला बळ देणारा आहे. २००३ साली अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितले. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता आणि देशभर निषेध चालू होता. जुलैत सरकारने नकार दिला. ज्या भूमीवर कूतची फौज उपाशी राहिली, तेथे आपली मुले पुन्हा गेली नाहीत. कारण या वेळी प्रश्न विचारणारे नागरिक होते.

परंतु हे सर्व परिस्थितीवर सोडता येत नाही. सैन्य परदेशी पाठवताना संसदेची पूर्वसंमती घ्यावी, असे बंधन घालणारे कलम आपल्या राज्यघटनेत नाही. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, अशा बंधनाचा कायदा व्हावा. आणीबाणीच्या प्रसंगी गुप्तता हवी, हा आक्षेप खोटा नाही. त्यासाठी ठरावीक दिवसांत संसदेची मान्यता घेण्याची तरतूद करता येते. युद्धाचे डावपेच गुप्त राहू शकतात, युद्धाचा हेतू नव्हे. दुसरी, निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात जवानाला मोहिमेचा हेतू, मुदत आणि बंदूक केव्हा चालवायची याचे नियम त्याच्या भाषेत समजावले जावेत. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांसाठी २००० सालापासून दिल्लीत खास केंद्र आहे. तोच न्याय प्रत्येक मोहिमेला लावावा. तिसरी, समान कवायतीला समान हक्क. २०२२ च्या अग्निपथ योजनेतील जवान त्याच मैदानावर घाम गाळतो. चार वर्षांनी चौघांतील तिघांना निवृत्तिवेतनावाचून घरी पाठवणे हा कंत्राटी पद्धतीचाच सैन्यातील अवतार आहे.

सैनिक स्वेच्छेने भरती होतो, मग तक्रार कसली, असेही म्हटले जाते. दोन गुंठ्यांच्या खाचरावर ज्याचे पोट भरत नाही त्याची स्वेच्छा किती मोकळी असते, हे कोकणात सांगायला नको.

साथींनो, आपापल्या तालुक्यातील माजी सैनिकांच्या घरी जा. त्यांच्या पदकांबरोबरच त्यांच्या प्रशिक्षणाच्या दिवसांविषयी विचारा, पत्रांविषयी विचारा, आणि जे सांगतील ते लिहून घ्या. बराकीत प्रश्न विचारण्याची मुभा नसते, आणि रणभूमीवर ती नसणे समजण्यासारखे आहे. म्हणूनच तो प्रश्न बराकीबाहेर, वेळेवर आणि मोठ्याने विचारणे हे आपले कर्तव्य ठरते.