यकृतातील मेद आणि शरीरातील अंतःस्राव



सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतावर चरबी’ हे शब्द दिसले की आपल्या ज्ञातीत रोग्याच्या प्रकृतीपूर्वी त्याच्या वर्तनाची चौकशी सुरू होते. गृहस्थ चोरून पीत असला पाहिजे! आमच्या परिचयातील एका सडपातळ, निर्व्यसनी ज्ञातिबंधूविषयी आम्हीही हीच शंका मनात आणली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः मद्याचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृतात मेद साठतो. याचे मुख्य कारण इन्सुलिन या अंतःस्रावाच्या, म्हणजे हार्मोनच्या, बिघाडात सापडते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिकाधिक ओतू लागते. इकडे साठ्यातील चरबी सुटून रक्तावाटे यकृताकडे येते, तिकडे यकृत स्वतःच साखरेपासून मेद बनवू लागते. थायरॉइड मंदावले तर मेद जाळण्याचे कामही मंदावते.

देह सडपातळ म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापली गेली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पेण-रामवाडीच्या या पट्ट्यात आपले आजे चिखलणीस उतरत, तेव्हा भात आणि पोहे अंगी जिरत. आता चिखल सुटला, ताट तेच राहिले. (पेणच्या पोह्यांवर आमचा राग नाही.)

भगिनींच्या बाबतीत मात्र अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. वाढलेले इन्सुलिन बीजकोशांस पुरुषी अंतःस्राव अधिक निर्माण करावयास लावते. पाळी चुकते, चेहऱ्यावर लव येते. अशा मुलींच्या यकृतातही मेद साठण्याचा संभव अधिक असतो. आपल्याकडे लग्न ठरेपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. यकृत तर दुखत नाही. वर्षानुवर्षे मुकाट्याने कठीण होत जाते. वेळीच कळले, आणि वजन जादा असल्यास ते सात ते दहा टक्के हळूहळू उतरविले, तर बहुतेकांचे यकृत पुष्कळ सावरते.

म्हणून मातांनी मुलीस डॉक्टरांकडे न्यावे, पाळीविषयी न लाजता सांगावे, आणि साखर, थायरॉइड व यकृत यांची तपासणी एकदमच करून घ्यावी. तो अहवाल काही आपल्या वधूवर-सूचीत छापावयाचा नसतो.