डोक्यावरचा व्ह्यूफाइंडर आणि सहा सेंटिमीटरचा हिशोब

आज बोलूया कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायच्या वेगळ्या व्ह्यूफाइंडरबद्दल.

मुळात तो लागतो कशाला? १९५४ मध्ये आलेल्या लायका एम३ या फिल्म कॅमेऱ्यात ५०, ९० आणि १३५ मिमीच्याच चौकटी दिसतात. त्यावर २१ मिमीची लेन्स लावली, की फोकस कॅमेऱ्याच्या खिडकीतून करायचा आणि चौकट वरच्या फाइंडरमधून बघायची. आजच्या डिजिटल रिको जीआर ३ ला तर खिडकीच नाही. भर उन्हात स्क्रीन दिसेना, की फाइंडर हवासा वाटतो.

आता खरी गोम. फाइंडर लेन्सच्या साधारण ६ सेंमी वर आहे असं धरा. कॅमेरा आडवा धरला, तर २८ मिमीची चौकट ३ मीटरवर सुमारे अडीच मीटर उंच असते. तिथे ६ सेंमी कोणाच्या लक्षातही येत नाहीत. अर्ध्या मीटरवर मात्र ती उंची जेमतेम ४३ सेंमी. म्हणजे चौकट सातव्या हिश्श्याने खाली सरकली आणि मित्राचं डोकं कापलं!

शिवाय यात फोकस कळत नाही. त्यामुळे रिकोवर एफ ८ आणि स्नॅप फोकस २.५ मीटर ठेवा. साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

घ्यायचाच तर लेन्सच्या मापाचा घ्या. पण त्याआधी आपली गॅलरी उघडा. बहुतेक फोटो मीटरभराच्या आतले असतील, तर स्क्रीनच बरी. पैसे वाचवा!