आठवड्याचे दोन तास : वसईच्या धर्मग्रामांतल्या बायका



जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं धावडा हे अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळचं गाव. मिरचीच्या हंगामात या भागातल्या बायकांचा दिवस तांबडं फुटायच्या आधी सुरू होतो. तोडणी, पोती, मग घर, आणि रात्री जमलंच तर देवळात हरिपाठ. बचत गटाची बैठक, बाळंतिणीकडे एक फेरी, कुणाच्या घरी दुःख झालं तर तिथे जाऊन बसणं ही कामंही त्याच दिवसात बसवायची असतात. आजच्या भाषणात ज्या भागाची ओळख करून द्यायची आहे, तो धावड्यापासून खूप दूर, महाराष्ट्राच्या पश्चिम कडेला समुद्राला टेकलेला आहे. पण तिथल्या बायकांचा दिवस धावड्याच्या बायकांना परका वाटणार नाही. हा भाग म्हणजे वसई, आणि या बायका म्हणजे वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांतल्या मराठी आया. एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीला धर्मग्राम किंवा पॅरिश म्हणतात.

वसई म्हटलं की चिमाजी अप्पा आणि किल्ला आठवतो. ते बरोबरच आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून हा प्रदेश पोर्तुगीजांना मिळाला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो जिंकला. या दोनशे वर्षांत इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठ्यांच्या विजयानंतर सत्ता बदलली, पोर्तुगीज गेले, पण ही कुटुंबं आपल्या वाड्यांतच राहिली. आज किल्ल्यातली चर्च ओस आहेत आणि किल्ल्याबाहेरची भरलेली आहेत. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी अशी एकामागून एक गावं लागतात. मध्ये केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि चिंचोळे रस्ते. निर्मळला चर्च आहे आणि शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिरही आहे. कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते आणि पिकलेली केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी खायला सगळ्या धर्मांची माणसं येतात.

इथल्या कॅथलिकांची बोली कुठे सामवेदी, म्हणजे कादोडी, कुठे वाडवळी, कुठे कोळ्यांची. प्रार्थनेची भाषा मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाअखेर, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली. पण मराठीतली ख्रिस्ती भक्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. फ्रान्सिस्को वाझ दी गिमरायश यांनी ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेलं पुराण १६५९ चं, आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या उपवासकाळात ते गायलं जाई. सत्ता आल्या आणि गेल्या तरी श्रद्धा टिकली, ती प्रवचनांपेक्षा घरात टिकली, असं मानायला जागा आहे. जात्याजवळ, पाळण्याजवळ, संध्याकाळच्या दिव्याजवळ प्रार्थना शिकवणारी बाई बहुधा आई किंवा आजीच होती.

इतिहासात मात्र तिची नोंद नाही. वसईचा सर्वांत प्रसिद्ध पुत्र म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. व्यापार सोडून तो फ्रान्सिस्कन झाला, जपानमध्ये गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी इथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. गास इथलं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईतलं महाविद्यालयही त्याच्या नावाचं आहे. त्याच्या आईबद्दल मात्र जेमतेम एखाददुसरं वाक्य सापडतं. हातात जपमाळ देऊन ज्या बाईने त्याला पहिली प्रार्थना शिकवली असेल, तिच्यासाठी एवढीच जागा राहिली.

धर्मग्रामातला महिलांचा गट म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. घरात एकटीने केलेलं, कुणी न पाहिलेलं काम इथे चौघींसमोर सांगितलं जातं, लिहिलं जातं आणि वाटून घेतलं जातं.

या गटांचे प्रकार अनेक आहेत. कुठे महिला मंडळ, कुठे बचत गट, कुठे शेजारच्या घरांचा लहान ख्रिस्ती समूह. त्यांतली एक जुनी, शिस्तीची संघटना म्हणजे लिजन ऑफ मेरी, मराठीत मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, सेना. ७ सप्टेंबर १९२१ रोजी आयर्लंडच्या डब्लिन शहरात फ्रँक डफ या सरकारी नोकराने काही बायकांना जमवून ती सुरू केली. त्यांचं पहिलं काम होतं गरिबांच्या इस्पितळात जाऊन आजारी बायकांना भेटणं. तिथून ही संघटना जगभर पसरली. तिच्यात पुरुषही असतात, पण ती पेलली प्रामुख्याने बायकांनी.

तिची रीत ऐकण्यासारखी आहे. आठवड्यातून एकदा सभा. मेजावर मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या, फुलं. सुरुवातीला सगळ्या मिळून जपमाळेची प्रार्थना. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. त्यानंतर प्रत्येक सदस्याने आपण या आठवड्यात काय केलं ते तोंडाने सांगायचं. कामाला कमीत कमी दोन तास दिलेच पाहिजेत, आणि जायचं ते दोघींनी जोडीने. रुग्णाला भेट, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीशी गप्पा, चर्चला येणं सुटलेल्या घराची विचारपूस, धर्मशिक्षणाला न येणाऱ्या मुलाची चौकशी. शेवटी एक थैली फिरते. तिच्यात प्रत्येकजणी गुपचूप हात घालते, कुणी किती टाकले हे कुणालाच कळत नाही. आणि एक नियम असा की या संघटनेने पैसे किंवा वस्तू वाटायच्या नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हा नियम कठोर वाटेल. पण त्यामुळे दारात आलेल्या बाईकडे घरातले लोक काय मिळेल म्हणून पाहत नाहीत. ती आली म्हणजे बसणार आणि ऐकणार, एवढंच त्यांना ठाऊक असतं. धान्य किंवा औषध हवं असेल तर ते पाहायला सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, १८३३ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली आणि घरोघर जाऊन गरजूंना मदत करणारी.

हे दोन तास काढणाऱ्या बायकांचा दिवस आधीच भरलेला असतो. भाजीच्या पाट्या, फुलांच्या करंड्या घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या बायकांची वसईत पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. पुढच्या पिढीतल्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, बँकेत लागल्या. विरारच्या लोकलमध्ये उभं राहून घरी परतलेल्या बाईने आठवड्यातले दोन तास वेगळे काढायचे म्हणजे काय, हे शेतातून परतणाऱ्या धावड्याच्या बाईला समजावून सांगावं लागणार नाही. सोय असते म्हणून कुणी सेवा करत नाही. कुणीतरी वाट पाहत असतं म्हणून करतं.

आता आईपणाबद्दल. कॅथलिक घरात मूल जन्मलं की त्याला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, दिला जातो. तेव्हा मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी आईवडील सगळ्यांसमोर घेतात. त्यांच्यासोबत धर्मपिता आणि धर्ममाता उभे असतात. पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवली जाते, बाळाला पांढरं वस्त्र घालतात. हा विधी फार शहाणपणाचा आहे, कारण जन्मदात्यांखेरीज आणखी एका बाईवर त्या मुलाचा भार पहिल्या दिवसापासून टाकला जातो. धर्ममातेला स्वतःचं मूल असलंच पाहिजे अशी अट नाही. मूल नसलेली बाई, अविवाहित मावशी, विधवा आत्या, कुणीही धर्ममाता होऊ शकते. महिला गटातही हेच दिसतं. रविवारी मिस्सेनंतर पोरांना बायबलच्या गोष्टी सांगणाऱ्या, पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेणाऱ्या बायकांमध्ये स्वतःचं मूल नसलेल्याही असतात, आणि त्यांच्या वर्गातली मुलं त्यांना पुढे आयुष्यभर बाई म्हणतात. मूल नसलं की बाईला बाजूला सारणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नाही.

आईपणाचे कठीण प्रश्नही महिला गटाच्या याच वर्तुळात येतात. मुलगा दारू प्यायला लागला, मुलगी परधर्मातल्या मुलाशी लग्न करायचं म्हणते, सून आणि सासूचं बोलणं बंद आहे, परदेशी गेलेल्या मुलाचा फोन येत नाही. अशा वेळी संत मोनिकाचं नाव घेतलं जातं. चौथ्या शतकातली ही उत्तर आफ्रिकेतली आई. तिचा मुलगा ऑगस्टीन भरकटला होता. तिने वर्षानुवर्षं त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याच्यामागोमाग समुद्र ओलांडून इटलीला गेली. पुढे तो चर्चचा महान आचार्य झाला. २७ ऑगस्टला मोनिकाचा सण आणि लगेच २८ ला ऑगस्टीनचा. चर्चच्या पंचांगातही आई मुलाच्या एक दिवस आधी येते. रडणाऱ्या आईला या कथेत उपाय सापडत नाही, सोबत सापडते.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. आधी नऊ दिवस नोव्हेना, रोज मुलं मरियेच्या मूर्तीसमोर फुलं वाहतात. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हा सण हरेगावमुळे माहीत असेल. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला याच सुमारास मतमाउलीची, म्हणजे मरियेचीच, यात्रा भरते आणि तिला मराठवाड्यातूनही माणसं जातात. भारतातल्या कॅथलिक चर्चने हाच दिवस बालिका दिन म्हणूनही मानला आहे. एका मुलीच्या जन्माचा सण म्हणून प्रत्येक मुलीच्या जन्माचा सन्मान, असा त्यामागचा विचार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. असे आकडे समोर असताना हा सण चर्चच्या आवारातच राहू नये. धावड्याच्या शाळेत, हरिपाठाच्या मंडळात, बचत गटात तो वेगळ्या नावाने साजरा झाला तरी चालेल.

वसईच्या बायकांची सेवा आवारापुरती राहिली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. १९८० च्या दशकाअखेर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचं संकट आलं. विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं, बागांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचीही ती चळवळ होती, आणि मोर्च्यांत बायका मोठ्या संख्येने उतरल्या. ज्यांचा दिवस विहिरीच्या पाण्यावर चालतो त्यांना पाणी आटण्याचा अर्थ सगळ्यांच्या आधी कळतो, मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. हेच दिब्रिटो पुढे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सुवार्ता या मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

इतकं काम करणाऱ्या बायकांना चर्चच्या कारभारात किती जागा मिळते, हा प्रश्न उरतोच. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपद पुरुषांकडेच आहे. चर्च झाडण्यापासून पोरांना शिकवण्यापर्यंत बायका, आणि निर्णयाच्या खुर्चीत पुरुष, असं चित्र अनेक वर्षं सगळीकडे होतं. ते सावकाश बदलतं आहे. २०१० मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली केली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचं पद त्यांनी अधिकृत केलं, तेही पुरुषांसारखंच स्त्रियांसाठी. वेदीजवळ उभं राहून बायबल वाचण्याचं काम बायका कित्येक दशकं करतच होत्या, मान्यतेला मात्र २०२१ साल उजाडावं लागलं. पॅरिश कौन्सिलमध्ये महिला सदस्य असतात, पण संख्या वाढली म्हणजे आवाज वाढला असं नव्हे. कोणाचं म्हणणं ठरावात उतरतं, याकडे लक्ष ठेवायला हवं.

ही धर्मग्रामं ज्या वसई धर्मप्रांतात येतात, तो २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच सुपुत्र. पापडीचं चर्च हे धर्मप्रांताचं मुख्य चर्च. सांडोरजवळ बंगली इथे कार्डिनल ग्रेशस स्मृती रुग्णालय आहे. तिथल्या वॉर्डांत सगळ्या धर्मांचे रुग्ण असतात. रमेदीच्या चर्चमधल्या माउलीला, म्हणजे मरियेला, हिंदू भाविकही नवस बोलतात.

ज्या श्रोत्यांना हा भाग पाहायचा असेल त्यांनी जालन्याहून मुंबईची गाडी धरावी, दादरला उतरून विरारकडची लोकल घ्यावी आणि वसई रोडला उतरावं. तिथून पश्चिमेला पापडी, गिरीज, निर्मळ या बाजूला बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला सकाळी पाहावा. रविवारी गेलात तर मराठी मिस्सा ऐकता येईल, आणि मिस्सेनंतर आवारात धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात तेही पाहता येतील. मे हा मरियेचा महिना आणि ऑक्टोबर जपमाळेचा, तेव्हा संध्याकाळी वाड्यावाड्यांतून बायका एकेका घरी जमून माळ जपतात. पाहुणा आला तर त्याला बसायला जागा करून देतात, आणि प्रार्थना संपल्यावर गाव कुठलं, मुलं किती, पाऊस कसा झाला, हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत.