बाळ येण्याअगोदरचा बाजार



घरात लेक किंवा सून गरोदर असली की आपल्याला बाजार दिसू लागतो. पाळणा घ्यावा, झबली घ्यावीत, वाळे करावेत. हौस असते, ती असू द्या. पण पैसा आधी कशावर काढायचा, ते आज आम्ही बोलणार आहोत.

बाळाला नवे कापड लागत नाही. आजीचे जुने सुती लुगडे घ्या. साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि त्याची दुपटी व लंगोट करा. नवे कापड खळीचे, ते नाजूक अंगाला टोचते. एक कुंची मात्र शिवा. बाळाची ऊब डोक्यातून लवकर जाते. हे सगळे आठव्या महिन्यातच पिशवीत भरून ठेवा. "आधी तयारी केली तर दृष्ट लागते," असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यांना सांगा, ही बाळाची नव्हे, दवाखान्याची पिशवी आहे!

त्याच पिशवीत कागद ठेवा : माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. पहिलटकरीण माहेरी जाते आणि कार्ड सासरी फळीवर राहते. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांनी कोयत्याआधी कार्ड बांधावे. परमुलखातला डॉक्टर बाईला ओळखत नाही. तिच्या अंगात रक्त किती, इंजेक्शने कोणती झाली, हे तो कार्डावरच वाचतो.

आता गाडीचे पाहा. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. औषध, रक्त, जेवण, पोट उघडून करायची शस्त्रक्रियासुद्धा. नेण्या-आणण्याची गाडीही फुकट. तिच्यासाठी 102 नंबर लावा. जीवावरचे असेल तर 108. पण आपली काळी माती! पावसाळ्यात आखाड्यावरून सडकेपर्यंत बैलगाडीचे चाकसुद्धा रुतते. रुग्णवाहिका सडकेवर उभी राहील. तिथवर बाईला कोण आणणार? चार माणसे आजच ठरवा. वाटेत ओढा असेल तर दिवस भरण्याआधीच आठवडाभर तालुक्याच्या गावी पाहुण्यांकडे नेऊन ठेवा. आणि अंगावरून रक्त गेले, झटके आले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणमोट फुटली, तर सकाळची वाट पाहू नका.

पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेत 5,000 रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर 6,000. अटी आहेत, त्या आशाताईंना विचारा. हा पैसा बारशाच्या मंडपात घालवू नका. डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणा. लोहाची गोळी तर फुकटच मिळते. ती चहाबरोबर घेऊ नका, चहाने तिचा गुण जातो.

काही वस्तू आणूच नका. दुधाची बाटली नको. तिच्या बुचात घाण राहते आणि बाळाला हगवण लागते. घुटी नको, मध नको, काजळ नको. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका. जन्मल्यावर तासाभरात तोच पाजा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. नाळेला राख, हळद, शेण काही लावायचे नाही, ती कोरडी ठेवा. बाजेखाली शेगडी ठेवून दार लावायचे नाही. त्या धुराने आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो.

एक काम बापाचे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची. दवाखान्यात जन्म झाला तर ते कळवतात, तरी दाखला तुम्हीच मागून घ्या. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नाव मागून घालता येते.